रस्ता आला, गाडी गेली

आमचे आजोबा १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूर सोडून भोपाळास आले, ते हवापालटासाठी नव्हे. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने १ नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला, आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक तरुण मराठी कारकून आपल्या फायलींसह इकडे पाठविला गेला. फायलींच्या रवानगीचा आणि आपल्या रवानगीचा हुकूम एकाच कागदावर होता, असे आजोबा हसत सांगत. भोपाळ त्या वेळी जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. ते सीहोर जिल्ह्यात मोडे, आणि १९७२ पर्यंत मोडत राहिले. राजधानी झालेल्या गावास जिल्हा होण्यासाठी सोळा वर्षे लागावीत, ही गोष्ट आम्हां वकिलांना मोठी रुचकर वाटते.

आजीचे दुःख मात्र निराळे होते. आमची कुलदेवता गोमंतकात. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झालेली, आणि त्यात आता बिऱ्हाड विंध्याच्या पलीकडे आलेले. देवीची ओटी भरण्याचा तिचा नवस सात-आठ वर्षे तसाच राहिला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तिने आजोबांच्या मागे टुमणे लावले. अखेर १९६३ साली ही दोघे निघाली. इंदूरला आजीच्या माहेरची माणसे होती. तेथे मुक्काम करून पुढे जावयाचे, म्हणून पहिला टप्पा त्यांनी सरकारी मोटारीने केला. सीहोर, आष्टा, सोनकच्छ, देवास, इंदूर. मग आग्रा रस्त्याने खलघाटाला नर्मदा ओलांडून, सेंधव्याचा घाट उतरून धुळे आणि नाशिक. आजी प्रत्येक ठिकाणी उतरताना चालकाला हात जोडून म्हणे, "देव बरें करूं." आमच्या घरात आभार मानण्याची हीच भाषा होती. देवासच्या थांब्यावरील माळवी चालकाला वाटले, हे या बाईंच्या गावाचे नाव असावे. तो म्हणाला, "अम्मा, ये गाड़ी उधर नहीं जाती." ही गोष्ट आजीने आम्हांला किती वेळा सांगितली असेल, याची गणती नाही.

भोपाळच्या आसपासचे रस्ते फार जुने आहेत. गोदावरीच्या तीरी राहणाऱ्या बावरी नावाच्या आचार्याचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघाले, त्यांच्या प्रवासाचे टप्पे 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात दिलेले आहेत. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, मग माहिष्मती, उज्जयिनी, गोनद्ध, विदिशा, आणि पुढे कौशांबी, साकेत, श्रावस्ती. यातील विदिशा भोपाळपासून चौदा-पंधरा कोसांवर आहे. त्याच विदिशेजवळ तक्षशिलेहून आलेला हेलिओडोरस नावाचा ग्रीक वकील स्वतःला भागवत म्हणवून वासुदेवाच्या नावाने गरुडध्वज उभारतो, ही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील गोष्ट. तो स्तंभ आजही उभा आहे. (वकील हा शब्द आम्ही राजदूत या जुन्या अर्थाने वापरला, तरी आमच्या व्यवसायबंधूंनी अभिमान बाळगण्यास हरकत नाही.) इकडून विदिशेस जाताना वाटेत कर्कवृत्त ओलांडावे लागते. तेथे फलक लावलेला आहे, आणि लोक उतरून छायाचित्रे काढून घेतात. उत्तरेला ब्यावऱ्याच्या वाटेवर दोराहा लागते. भोपाळच्या लढाईनंतर ७ जानेवारी १७३८ रोजी पहिल्या बाजीरावाने निजामाकडून माळव्याचा करार येथेच लिहून घेतला. आज तेथून मालमोटारी भरधाव जातात. आम्ही मात्र तेथे गाडीचा वेग थोडा कमी करतो. कारण विचारल्यास सांगता येणार नाही.

एवढा पुरातन मार्ग असूनही 'रस्ता' हे सरकारचे नियमित काम आहे, ही कल्पना आपल्याकडे अलीकडची आहे, आणि तिच्या मुळाशी एक मराठी बॅरिस्टर आहेत, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांना आपण पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. कायद्याचे विद्यार्थी त्यांना फेडरल कोर्टाचे न्यायाधीश म्हणून ओळखतात. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. मोटारी वाढल्या, रस्ते मात्र प्रांतांच्या आणि लोकलबोर्डांच्या फाटक्या खिशावर अवलंबून होते. समितीने १९२८ साली सांगितले की, हे ओझे स्थानिक संस्थांना पेलणारे नाही, रस्ते ही साऱ्या देशाची बाब आहे, आणि जो पेट्रोल जाळतो त्यानेच रस्त्याचा खर्च सोसावा. त्याप्रमाणे १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. आजही इंधनावर जो उपकर आपण कुरकुरत भरतो, त्याचे मूळ त्या दोन आण्यांत आहे.

दुसरी मोठी घटना नागपूरची. १९४३ च्या डिसेंबरात देशातील सारे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, इतर रस्ते आणि ग्रामरस्ते ही उतरंड त्या बैठकीत ठरली, आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालू आहे. आजोबा तेव्हा खात्यात नुकतेच चिकटलेले. परिषदेत आपण खुर्च्या मांडल्या, हा त्यांचा आयुष्यभराचा मान होता. त्या योजनेतील एक वाक्य ते वरचेवर आठवीत: शेतीने संपन्न अशा मुलखात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा अधिक दूर असू नये. "पाच मैल म्हणजे काय रे," ते विचारीत, आणि उत्तरही स्वतःच देत, "पाच मैल म्हणजे बाळंतिणीला खाटेवरून न्यायचे अंतर." हे वाक्य आम्ही विसरलो नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

रस्ता झाला, तरी त्यावरून माणसाला नेणारे कोणी पाहिजे. नव्या राज्यात चार घरची चार बिऱ्हाडे एकत्र आली, तशी त्यांच्याबरोबर मोटारीही आल्या. ग्वाल्हेर-इंदूरकडची मध्यभारत रोडवेज होती, नागपूर-जबलपूरकडे सी. पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसची परंपरा होती. या दुसऱ्या कंपनीचे नाव आम्हांला प्रथम कळले ते मोटारीवरून नव्हे, तर कायद्याच्या निवाड्यांतून. तिच्या एका बडतर्फ नोकराच्या दाव्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कामावरून काढलेला मनुष्यही औद्योगिक कायद्याच्या दृष्टीने 'कर्मचारी'च असतो. पुढे १९६२ साली मध्यप्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. लोक त्याला 'रोडवेज' याच जुन्या नावाने ओळखीत राहिले.

सरकारने मोटारी चालवाव्यात काय, यावर आपल्या न्यायालयांत केवढे रण माजले होते! १९५४ च्या सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून पोट भरणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो काढून घेण्याचा उत्तर प्रदेशाचा कायदा टिकणार नाही. मग १९५६ साली मोटार कायद्यात एक नवे प्रकरण घालून राष्ट्रीयीकरणाच्या योजनांना रीतसर वाट करून दिली गेली. त्या योजनांवर खाजगी मोटारवाले हरकती घेत, आणि त्या हरकतींची सुनावणी कोणी करावी यावरून १९५८ साली आंध्रातून आलेल्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात न्यायालयाने बजावले की, ऐकणारा एक आणि ठरविणारा दुसरा, असे चालणार नाही. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व आज विद्यार्थी मोठ्या गांभीर्याने पाठ करतात. ते मोटारस्टँडवरच्या भांडणातून इतके स्पष्ट झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही.

ज्या कायद्याखाली ही महामंडळे निघाली, तो १९५० चा. त्याचे अठरावे कलम म्हणते की, कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंगत वाहतूकसेवा लोकांना पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. बाविसावे कलम म्हणते की, महामंडळाने धंद्याच्या तत्त्वावर चालावे. वाचकहो, साऱ्या रोगाचे बीज या दोन कलमांच्या मधल्या चार कलमांच्या अंतरात आहे, असे आमचे मत आहे. आडगावच्या बारा उतारूंना रोज संध्याकाळी घरी पोहोचविणे हे कर्तव्य खरे. पण ते धंद्याच्या तत्त्वावर कसे करावयाचे, हे त्या कायद्याने सांगितले नाही.

आमच्या बाळपणीची रोडवेज आम्हांला चांगली आठवते. काचा थडथडत, आसने फाटलेली, वाहकाजवळ पत्र्याची पेटी आणि तिकिटे टोचण्याचा चिमटा. तो चिमटा तो लोखंडी दांड्यावर वाजवी तेव्हा गाडी निघे. गाडी घाण असे, उशिरा येई, पण येई. नागपूरच्या रस्त्यावर ओबेदुल्लागंज सोडले की भीमबेटकेचे खडक डावी-उजवीकडे दिसू लागत आणि पुढे सागाचे रान सुरू होई. वडील आम्हांला तेथे वाघ आहे म्हणून भीती घालीत. ती भीती खोटी नव्हती. २०२४ च्या डिसेंबरात रातापानीचे ते जंगल व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले.

नव्वदीच्या दशकात रस्ते आणि रोडवेज दोन्ही एकदम खालावली. सडकेत खड्डा आहे की खड्ड्यात सडक, असे लोक विचारीत. १९८८ च्या नव्या मोटार कायद्याने खाजगी गाड्यांना परवाने सुलभ झाले होते. चालत्या मार्गांवरील उतारू त्या गाड्यांनी उचलले आणि न चालणारे मार्ग रोडवेजच्या गळ्यात राहिले. २००३ ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर लढली गेली आणि सरकार बदलले. २००४ साली रस्तेविकास महामंडळ निघाले. खाजगी ठेकेदाराने रस्ता बांधावा, काही वर्षे टोल घ्यावा, मग तो सरकारला परत द्यावा, अशा करारांनी राज्याचे मोठे रस्ते पाहता पाहता पालटले. ज्या देवास रस्त्यावर आजी-आजोबांनी दिवस घालविला, तो चौपदरी झाला. आणि २००५ साली शासनाने परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. एक निगम जन्मला आणि वर्षाच्या आत दुसऱ्याचा गळा आवळला गेला, असे कोणी म्हटले तर तारखांच्या दृष्टीने ते चूक नाही.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. त्या वेळी आम्ही वकिलीस नुकतीच सुरुवात केली होती, अंगात नव्या अर्थशास्त्राचे वारे होते, आणि घरी नवी कोरी स्कूटर होती. एका स्थानिक साप्ताहिकात आम्ही टिपण लिहिले, त्याचा आशय असा की, तोट्यात चालणारी सरकारी मोटार हा करदात्यावर अन्याय आहे, आणि चांगला रस्ता दिला की गाड्या आपोआप येतात. आजोबा त्या वेळी ऐंशी ओलांडलेले. त्यांनी टिपण चष्मा लावून दोनदा वाचले, घडी घातली, आणि एवढेच विचारले, "आपोआप म्हणजे कोणाच्या हुकमाने?" आम्ही हसलो. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि पुढच्या वर्षी ते गेले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी रायसेन जिल्ह्यातील एका म्हाताऱ्या बाईंचे वकीलपत्र आमच्याकडे आले. त्यांचा एकुलता मुलगा भोपाळच्या हद्दीत कामावरून परतताना मालमोटारीखाली सापडून गेला होता. नव्या, रुंद, गुळगुळीत रस्त्यावरची ही गोष्ट. मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा लावला. बाईंच्या गावापर्यंत पंतप्रधान ग्रामसडक योजनेची डांबरी सडक गेलेली होती आणि महामार्ग तेथून अडीच मैलांवर होता. म्हणजे नागपूरच्या अभियंत्यांनी १९४३ साली जे मागितले होते, त्याच्या निम्म्या अंतरात हे गाव आले होते. नकाशा पाहून आजोबांना आनंद झाला असता.

एका तारखेस बाईंची साक्ष होती. पुकारा झाला, बाई नाहीत. आम्ही दुपारपर्यंत वेळ मागून घेतला, दुपारीही नाहीत. आधीच्या दोन तारखांस त्या उशिरा आल्या होत्या, त्यामुळे न्यायाधीशांचा धीर सुटला आणि दावा गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात आला. सायंकाळी पाचाच्या सुमारास बाई आमच्या मुन्शीसमोर येऊन उभ्या राहिल्या. सकाळची गाडी आलीच नव्हती. लग्नसराई होती, मालकाने गाडी वऱ्हाडाला दिली होती. बाई अडीच मैल चालत महामार्गावर आल्या, आणि चार तास तेथे उभ्या राहिल्या. जाणाऱ्या गाड्या लांब पल्ल्याच्या. त्या मधल्या माणसासाठी थांबत नाहीत. शेवटी दुधाच्या टेम्पोने त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत आणले.

दावा पुन्हा फाइलीवर घ्यावा म्हणून आम्ही अर्ज केला, आणि प्रतिज्ञापत्रात कारण लिहिले: 'बस आली नाही.' विमा कंपनीचे वकील सज्जन गृहस्थ, पण हसले. म्हणाले, "महाराज, हा रस्ता चौपदरी आहे. मिनिटाला दहा गाड्या जातात." न्यायाधीशांनी आम्हांला विचारले, त्या दिवशी बस आली नाही याला पुरावा काय?

हा प्रश्न न्यायाधीशांनी विचारणे अगदी रास्त होते, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. रोडवेज असती तर आगाराच्या नोंदवहीत त्या फेरीपुढे 'रद्द' असा शेरा असता. आगारप्रमुखाच्या सहीशिक्क्याचा दाखला आम्ही दोन दिवसांत आणला असता. आता आगार नाही, नोंदवही नाही, आणि जी फेरी कोणी बांधीलकीने चालवीतच नव्हता ती रद्द झाली, असे लिहून कोण देणार? मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, "साहब, लिखकर दूँ और परमिट का झगड़ा लूँ?" त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. न्यायालयात उभे असताना आम्हांला आमचे ते जुने टिपण आठवले. 'आपोआप' हा शब्द आम्ही त्यात तीन वेळा वापरला होता.

अखेर आम्ही गावातील शाळेच्या मास्तरांचे प्रतिज्ञापत्र जोडले. तेही त्याच गाडीची वाट पाहत उभे होते. पाचशे रुपये खर्च बसवून दावा पुन्हा घेतला गेला. ते पाचशे आम्ही भरू म्हटले, तर बाईंनी कमरेची पिशवी सोडून पन्नास-पन्नासाच्या नोटा मोजून दिल्या. त्या म्हणाल्या की, चूक गाडीची होती, तुमची नव्हे. यापुढच्या प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री त्या भोपाळात येऊन राहू लागल्या. एका दूरच्या नातलगाकडे, ओसरीवर. भरपाई मिळाली, ती पुरेशी होती असे आम्ही म्हणणार नाही.

महामंडळाला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, ते काही रामराज्य नव्हते. भ्रष्टाचार होता, गाड्या सुट्या भागांवाचून आगारात सडत होत्या, आणि भरती गरजेपेक्षा शिफारशीवर होत असे. टोलच्या चौपदरी रस्त्यांनी राज्याला लाभही मोठा झाला. आम्ही स्वतः आज इंदूरला सकाळी जाऊन न्यायालयाचे काम उरकून रात्री घरी जेवतो. पण हे सुख ज्याच्याजवळ मोटार आहे त्याचे. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली होती. ती संपाने, तोट्याने, राजकारणाने कितीदा आजारी पडली, तरी बंद पडली नाही. इंदूरच्या स्टँडवर तिची गाडी दिसली की आमच्या मनात थोडा मत्सर येतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

आणखी एक वकिली टीप. १९५० च्या त्या कायद्यात कलम ३९ असे आहे की, कंपन्या गुंडाळण्याचा सामान्य कायदा अशा महामंडळास लागू नाही. शासनाच्या खास हुकमाखेरीज त्याचे विसर्जन होत नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले असावे की, ही गोष्ट सहज मरू नये.

मधल्या काळात रस्त्यांचे नंबरही पालटले. २०१० च्या नव्या क्रमांकनात आजोबांचा आग्र्यापासून मुंबईपर्यंतचा अखंड 'तीन नंबर' तुटला; ग्वाल्हेर-ब्यावरा हा तुकडा ४६ मध्ये गेला, ब्यावरा-इंदूर-धुळे हा ५२ मध्ये. भोपाळहून बैतूलकडे जाणारा रस्ताही ४६ च झाला. आम्ही अजून जुनेच नंबर बोलतो आणि तरुण चालक आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहतात.

२०२५ च्या एप्रिलात राज्य मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' या नावाने पुन्हा एकदा प्रवासी वाहतुकीची योजना मंजूर केली. गाड्या खाजगी मालकांच्या असाव्यात, मार्ग व वेळा यांवर देखरेख सरकारी कंपनीने ठेवावी, असा तिचा आराखडा आहे. वीस वर्षांनी सरकारला आठवण झाली. योजना वाचून आम्ही आनंदलो, आणि का कोण जाणे, त्या बाईंना दूरध्वनी केला. त्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. कानाने कमी ऐकतात. आम्ही मोठ्याने, दोनदा समजावून सांगितले की, सरकार पुन्हा गाड्या चालविणार आहे. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "वकील साहब, शाम वाली गाड़ी कितने बजे की है?"

आम्ही तो जाहीर झालेला तपशील पुन्हा उघडून पाहिला. त्यात वेळापत्रक नव्हते.